सहाच्या वायरीचा राखणदार

मित्रांनो, नमस्कार करायला मला हात नाहीत. एक काळी दांडी तेवढी आहे. ती वर असली की मी कामावर असतो आणि ती खाली पडली की सगळं घर माझ्या नावानं बोंब मारतं. एवढ्यावरून ओळखलं असेल तर शाब्बास! नसेल ओळखलं तर सांगतो. बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यामधल्या वायरीवर बसणारा मी एक जुना ब्रेकर आहे, चाळीस अँपिअरचा. माझा पांढरा रंग आता पिवळट झालाय, पोटावरचा आकडा पुसट झालाय. पण चाळीस म्हणजे चाळीस. त्यात मी कधी ढिलाई केली नाही आणि करणारही नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथं माझ्या पोटात एक छोटीशी पट्टी बसवली. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटवून केलेली. माझ्यातून जास्त वीज वाहू लागली की ती पट्टी तापते. तापली की वाकते, वाकली की आतला खटका सुटतो आणि माझी दांडी धाडकन खाली येते. वीज बंद! कारखान्यात मला जास्त वीज देऊन देऊन तपासलं, मी बरोबर पडलो, आणि तपासणाऱ्या बाईंनी खूश होऊन माझ्यावर शिक्का मारला. पडल्याबद्दल कौतुक झालं ते तेवढंच, बरं का. पुढं आयुष्यभर मी पडलो की शिव्याच खाल्ल्या.

घरात स्विचबोर्डाजवळ जे ब्रेकर दिसतात ते माझे चुलतभाऊ. ते खांबावरून येणारी लाइन सांभाळतात. मी बॅटरीच्या विजेचा. त्यांचं काम मला जमत नाही आणि माझं त्यांना जमत नाही, म्हणून आम्ही एकमेकांच्या जागेवर कधी बसत नाही.

गोंदियाच्या एका दुकानात काही दिवस धूळ खात पडलो. मग मुन्नालाल मिस्त्री आला. तो मूळचा गोंदियाचा, आता दुकान अर्जुनी मोरगावला. बोलायला लागला की अर्धी हिंदी, अर्धी मराठी. त्यानं मला पिशवीत टाकलं, बल्लारशहाच्या गाडीत बसला आणि अर्जुनीला उतरून मोटरसायकलवर मला एका खेड्यात घेऊन गेला. गावाला लागून मोठा मामा तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातला जुना तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या पायथ्याशी एक घर. तेच माझं घर!

या घरात सुशिलाबाई राहायच्या, त्यांची मुलगी गुंजन आणि सुशिलाबाईंचे सासरे गोपीचंद आबाजी. गुंजनचे बाबा धानाच्या ट्रकवर, महिन्यातून एकदा यायचे. आबाजींच्या खानदानात पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधायचं काम. पाळ कुठं फुटेल, पाणी कुठून झिरपेल, हे ते नुसतं चालत जाऊन सांगायचे. आणि सुशिलाबाईंनी गावातल्या बायांचा गट घेऊन एक वेगळंच काम सुरू केलं होतं. अंगणात पत्र्याच्या शेडखाली सिमेंटचा एक गोल हौद होता. त्यात रोहू माशाची अंडी सोडायची, ती फुटली की त्यातून केसाएवढी पिल्लं निघतात, त्यांना म्हणतात मत्स्यजिरे. ते जिरे वाढवून गावच्या तलावात सोडायचे.

ऐकायला सोपं वाटतं ना? पण एक गोची आहे. हौदातलं पाणी सारखं गोल गोल फिरत राहिलं पाहिजे. पाणी थांबलं की अंडी तळाला बसतात, एकमेकांवर दाटतात, गुदमरतात आणि पांढरी पडतात. पाणी फिरवायचा पंप विजेवर चालतो. आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाइन कशी असते हे तुम्हाला काय सांगायचं!

मी यायच्या आधीच्या पावसाळ्यात असंच झालं होतं. लाइन गेली ती दुपारभर आलीच नाही आणि सगळा हौद पांढरा झाला. सुशिलाबाईंनी ती मेलेली अंडी घमेल्यानं उपसून टाकली आणि त्यानंतर चार दिवस कोणाशी धड बोलल्या नाहीत. मग गटानं ठरवलं की इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या घ्यायच्या. म्हणून मुन्नालाल आला, म्हणून मी आलो.

इन्व्हर्टर हौदाजवळच्या पंपाच्या खोलीत लावला. आता बॅटऱ्या कुठं ठेवायच्या? मुन्नालाल म्हणाला, इन्व्हर्टरच्या शेजारीच. पण आबाजींनी काठी आपटली.

"त्यात तेजाब असते गा! एक थेंब हौदात गेला त सारे जिरे मरतीन. बॅटऱ्या तिकडं कोठ्यात ठेव, बैलाजवळ."

"दूर पडेल ना बाबूजी. पूरा आंगण पार करके आना पडेगा."

"मंग येऊ दे ना आंगणातून. वायरीले काय पाय दुखतेत?"

मुन्नालाल हसला. त्याच्याकडं दुसऱ्या कामातून उरलेली सहाची वायर होती. सहाची म्हणजे आतलं तांबं सहा चौरस मिलिमीटर जाड. तीच त्यानं पाइपात घातली आणि अंगण ओलांडून कोठ्यापासून पंपाच्या खोलीपर्यंत नेली. जाता जाता विचारलं, "एकच पंप चालवणार ना?"

"एकच," सुशिलाबाई म्हणाल्या.

"फिर चालीस का ब्रेकर ठीक है."

आणि खरंच ठीक होतं! सहाची वायर साधारण चाळीस अँपिअरपर्यंत सुखानं चालते, त्यापुढे तापते. म्हणून तिच्या वाटेवर मी चाळीसचा. बॅटरीच्या टोकालाच मला बसवलं, म्हणजे पुढची सगळी वायर माझ्या राखणीत. लोकांना वाटतं मी पंपाची राखण करतो. नाही हो! पंपाचं पंप बघून घेईल. मी राखतो वायर. ती बिचारी पाइपात कोंडलेली असते, तापली तरी ओरडू शकत नाही. तिच्या वतीनं मी ओरडतो.

पहिल्याच पावसाळ्यात लाइन गेली आणि पंप एका श्वासाचाही खंड न पडता चालत राहिला. हौदात जिरे वळवळले तेव्हा सुशिलाबाईंनी मला हळदीकुंकू लावलं. गटातल्या मनकर्णाबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यांची जीभ अशी की बैलसुद्धा कान टवकारायचे.

"काय वो सुशिला, नवऱ्याची आरती कधी केली नाई, आन् डब्बीची करून राहिली!"

"नवरा लाइन गेल्यावर पंप चालवते का वो?" सुशिलाबाई म्हणाल्या.

बाया इतक्या हसल्या की कोठ्यातला बैल उठून उभा राहिला. मी तर काय सांगू, कुंकू लावून घेऊन असा ऐटीत बसलो होतो!

पुढच्या वर्षी गटाची हिंमत वाढली. जास्त अंडी सोडायची ठरली. जास्त अंड्यांना जास्त हवा लागते, म्हणून पाण्यात हवा सोडणारा एक ब्लोअर आणला आणि तोही इन्व्हर्टरवर जोडला. अंडी सोडायच्या आदल्या आठवड्यात सगळ्यांनी लाइन बंद करून चाचणी घेतली. पंप सुरू, ब्लोअर सुरू, बुडबुडे छान. थोडा वेळ गेला. माझ्या पोटातली पट्टी तापू लागली. वाकली. आणि मी पडलो.

"पुन्हा लाव गुंजन," सुशिलाबाई म्हणाल्या. गुंजन तेव्हा दहावीत होती. पळत आली, मला वर केलं. मी पुन्हा पडलो. तिसऱ्यांदाही.

"हे डब्बी म्हातारी झाली!" मनकर्णाबाई म्हणाल्या. वर्षभरात म्हातारा! मला एवढा राग आला. मित्रांनो, तुम्हीच बघा. पंप आणि ब्लोअर मिळून अकराशे वॅट. बॅटरी चोवीस व्होल्टची. अकराशेला चोवीसनं भागा. सेहेचाळीसच्या आसपास येतात ना? वर इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो, म्हणजे झाले पन्नासच्या पुढे. चाळीस सोसणाऱ्या वायरीतून पन्नासच्या पुढे वीज जाऊन राहिली आणि मी गप्प बसू?

मुन्नालालला फोन केला. तो घाईत होता, पावसाळ्यात त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. आला, बघितलं, म्हणाला, "लोड बढ़ गया, ब्रेकर छोटा पड रहा है. सौ का लगा देता हूँ, झंझट खतम."

आबाजींनी होकाराची मान डोलावली. सुशिलाबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. दोन स्क्रू सैल झाले आणि मी माझ्या जागेवरून निघालो. मुन्नालालनं मला पंपाच्या खोलीतल्या फळीवर ठेवलं, माशाच्या खाद्याच्या डब्याशेजारी. माझ्या जागी एक नवाकोरा शंभरचा बसला. त्याच्यावर माझा राग नाही. तो त्याच्या शिक्षणाप्रमाणे वागत होता. शंभरपर्यंत त्याला काही वाटतच नाही. पण वायर? वायर तर तीच होती, सहाची! तिला कोणी विचारलंच नाही.

गुंजन मात्र जाता जाता फळीपाशी थांबली. मला हातात घेऊन पोटावरचा आकडा वाचला. मग पाइपातून येणाऱ्या वायरीकडं बघितलं. काहीतरी बोलणार होती, पण मुन्नालालची मोटरसायकल सुरू झाली होती.

अंडी सोडली त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. सकाळी सुशिलाबाईंनी दोन्ही हातांनी, बाळाला आंघोळ घालावी तशी अंडी हौदात सोडली. मोत्यासारखी, आरपार दिसणारी. गटातल्या सगळ्या बाया हौदाभोवती उभ्या होत्या. सुशिलाबाई म्हणाल्या, "सांगून ठेवते. यंदा मेले त मी या हौदात धान भिजवीन. जिऱ्याचं नाव काढणार नाई."

कोणी हसलं नाही. मनकर्णाबाईसुद्धा.

दुपारी अर्जुनीच्या बाजूला झाड तारांवर पडलं आणि लाइन गेली. इन्व्हर्टरनं काम हातात घेतलं. पंप चालू, ब्लोअर चालू. बाया म्हणाल्या, "हुश्श!" मी फळीवरून बघत होतो आणि माझा जीव टांगणीला लागला होता. थोड्याच वेळात इन्व्हर्टर ओरडायला लागला, टीं टीं टीं. लाल दिवा लागला. बॅटरी संपली म्हणतो! आणि सगळं बंद. हौदातलं पाणी आपल्या जोरानं दोनतीन फेऱ्या फिरलं आणि मंदावलं.

"बॅटऱ्या मेल्या काय?" आबाजी ओरडले.

गुंजन कोठ्याकडं पळाली. "नाही आबाजी! फुल आहेत! दोन्हीचा दिवा हिरवा आहे!"

सुशिलाबाईंनी पदर खोचला आणि हौदाच्या काठावर बसून हात पाण्यात घातला. "या वो साऱ्या जणी. एकाच बाजूनं फिरवा. हळू. अंड्याले धक्का नाई लागला पाहिजे."

बाया हौदाभोवती बसल्या आणि हातांनी पाणी फिरवू लागल्या. एकीचा हात थांबला की शेजारणीचा सुरू. मनकर्णाबाई लोटीनं पाणी उंचावरून सोडत होत्या, हवा मिसळावी म्हणून. "जातं दळलं जन्मभर," त्या म्हणाल्या, "आता मासोळीचं जातं दळा." हसू फुटलं, पण कोणाचा हात थांबला नाही.

पण हातानं किती वेळ? अंडी फुटायला अजून रात्र जायची होती.

गुंजननं मुन्नालालला फोन लावला. तो अर्जुनीतच होता, निघतो म्हणाला. तेवढ्यात तिनं शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेला मीटर काढला. विज्ञान प्रदर्शनासाठी आणला होता, परत द्यायचा राहिला होता. आधी कोठ्यात बॅटरीच्या टोकांना लावला. पंचवीसच्या जवळ. मग इन्व्हर्टर पुन्हा सुरू केला आणि त्याच्या टोकांना मीटर लावला. पंप सुरू झाल्याबरोबर काटा कसला, आकडेच घसरले. वीस. पुन्हा टीं टीं टीं.

"आई," ती हौदाकडं तोंड करून ओरडली, "बॅटरीतून पंचवीस निघतात आणि इथं वीसच पोचतात! पाच व्होल्ट वाटेत कुठं गेले?"

सुशिलाबाईंनी हात न थांबवता म्हटलं, "शेवटच्या बांधीत पाणी पोचत नाई तसं झालं असन. पाट लांब आन् चिंचोळा."

गुंजन धावत अंगणात आली. खाली वाकून वायरीच्या पाइपावर हात ठेवला. झटकन मागे घेतला. पाइप गरम होता. वास येत होता, प्लास्टिक तापल्याचा. ती तडक कोठ्यात गेली आणि शंभरच्या ब्रेकरची दांडी स्वतः खाली ओढली. तो तर पडणारच नव्हता!

मुन्नालाल पोचला तेव्हा घामाघूम होता. "बॅटरी खराब निकली क्या?"

"बॅटरी चांगली आहे काका. वायर बारीक आहे. लांबही आहे. हात लावून बघा."

त्यानं पाइपाला हात लावला. त्याचा चेहरा उतरला. "अरे बाप रे."

"मंग आता शंभरचा हाय ना," आबाजी म्हणाले. "तो त पडत नाई. चालू ठेव."

गुंजन त्यांच्याकडं वळली. आता तिचा आवाज असा होता की फळीवर माझी दांडी थरथरली.

"आबाजी, मागच्या पावसाळ्यात पोट्ट्यांनी सलांगेवर दगड रचले होते, आठवते? तलाव जास्त भरावा म्हणून. तुम्ही काठी घेऊन काऊन धावले?"

"काऊन म्हणजे? सलांगेवरून जास्तीचं पाणी निघून जाते. सलांग बुजवली त पाळ फुटते! सारं गाव वाहून जाईन!"

"मग चाळीसचा ब्रेकर हीच वायरीची सलांग होती. ती काढून तुम्ही शंभरचा लावू दिला. पाळ तीच ठेवली आणि सलांगेवर दगड रचले. आता पाळ तापून राहिली!"

आबाजींची काठी हातातल्या हातात थांबली. मुन्नालाल हळूच म्हणाला, "बाबूजी, लड़की सही बोल रही है. गलती मेरी है. जल्दी में था."

"माझीबी हाय," आबाजी म्हणाले. "सांग पोरी, काय करायचं?"

"बॅटऱ्या इकडं आणायच्या, इन्व्हर्टरच्या शेजारी. म्हणजे वाट दोन हाताची."

"नाई!" आबाजी पुन्हा ताठ झाले. "तेजाब हौदाजवळ नाई."

हौदाकडून त्यांच्या सुनेचा आवाज आला. थकलेला होता. "मामाजी, हात भरून आले आमचे."

गुंजन आबाजींच्या अगदी जवळ गेली. "आबाजी, तुम्ही एवढ्या मोठ्या तलावाचं पाणी अडवलं. दोन बॅटऱ्यांभोवती पाळ नाही बांधता येत? सांडलंच तर पाळीच्या आत राहील."

त्यांनी नातीकडं बघितलं. मग खोलीच्या मागच्या भिंतीकडं, हौदाच्या उलट्या बाजूला. तिथं उतार बाहेर होता. ते चालत गेले, टाचेनं माती दाबून बघितली, आणि म्हणाले, "फावडा आण."

मित्रांनो, त्या म्हाताऱ्या माणसानं अशी चटचट पाळ घातली की मुन्नालाल बघतच राहिला. वीतभर उंच, चारी बाजूंनी ठोकलेली, आत विटा मांडलेल्या. वर पत्रा आडवा टाकला, पण बाजू मोकळ्या ठेवल्या, बॅटरीतून निघणारा वायू कोंडू नये म्हणून. मुन्नालालनं बॅटऱ्या विटांवर मांडल्या. लांब वायरीचा तापलेला भाग फेकून दिला, बॅटरीकडचा, पाइपाबाहेर राहिलेला चांगला तुकडा तपासून घेतला आणि भिंतीच्या भोकातून आत आणला. जेमतेम दोन हात लांब.

"पण वायर अजूनही सहाचीच आहे काका," गुंजन म्हणाली. "आखूड झाली म्हणून तिची ताकद वाढली नाही. दोन्ही यंत्रं एकदम नाही चालवायची. फक्त पंप. हवेचं आई बघेल."

"और ब्रेकर?"

"चाळीसचा."

"कहाँ रखा मैंने?"

गुंजननं फळीवरून मला उचललं. फुंकर मारून धूळ उडवली. मुन्नालालनं स्क्रू घट्ट केले. माझ्या एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला माझी जुनी मैत्रीण, सहाची वायर. माझी दांडी वर गेली.

पंप सुरू होताना एकदम मोठा घोट घेतो, पळायला लागलेलं पोर घेतं तसा. असला क्षणभराचा घोट मी ओळखतो, त्याला मी पडत नाही. घोट गेला, पंप स्थिरावला. पट्टी जरा कोमट झाली, वाकली नाही. इन्व्हर्टर ओरडला नाही. आणि हौदातलं पाणी आपोआप फिरू लागलं.

बायांनी हात बाहेर काढले. बोटं पांढरी, सुरकुतलेली. सुशिलाबाईंनी मात्र उठायचं नाव घेतलं नाही. मनकर्णाबाईंकडून लोटी घेतली आणि उंचावरून धार सोडत राहिल्या. एकीचा हात दुखला की लोटी दुसरीकडं. संध्याकाळी लाइन आली तेव्हाच ब्लोअर सुरू केला आणि लोटी खाली ठेवली.

सकाळी गुंजननं पाण्यात पांढरी ताटली बुडवून वर काढली. ताटलीत काहीतरी हललं. केसाएवढं. मग आणखी एक. मग मोजता येणार नाहीत इतके. थोडी अंडी पांढरी पडलीच होती, खोटं कशाला सांगू? पण हौद जिवंत होता. सुशिलाबाईंनी ताटली दोन्ही हातांनी धरली. आबाजींना दाखवायला निघाल्या आणि मध्येच थांबून म्हणाल्या, "धान दुसरीकडं भिजवा म्हणाव यंदा."

त्यानंतर मुन्नालालनं सगळं नीट केलं आणि गुंजन त्याच्या शेजारी बसून हिशोब करत गेली. दोन्ही यंत्रं मिळून चौपन्न अँपिअरच्या आसपास. त्यावर थोडी मोकळीक ठेवून ऐंशीचा ब्रेकर. आणि ऐंशीच्या ब्रेकरला शोभेल, त्याच्याहून जास्त सोसेल अशी पंचवीसची केबल. आधी ओझं मोजायचं, मग ब्रेकर, मग त्याच्यापेक्षा दमदार वायर, आणि वाट जितकी लांब तितकी वायर आणखी जाड. मुन्नालाल म्हणाला, "बेटा, मेरी दुकान तू ही चला ले." गुंजन म्हणाली, "चालवीन ना काका. आधी दहावी होऊ द्या."

आणि मी? मला कोणी फळीवर ठेवलं नाही. शेडच्या पत्र्यावर सोलरच्या पाट्या आल्या. तिथून बॅटरीकडं येणारी वीज तीस अँपिअरच्या आतबाहेर, वायर सहाची. तिच्या राखणीला मी बसलोय. माझ्या मापाचं काम, माझ्या मापाची वायर. अजून काय पाहिजे?

परवा शेजारच्या गावातल्या एक बाई हौद बघायला आल्या होत्या. मुन्नालाल इथंच होता. त्या म्हणाल्या, "भाऊ, आमच्या घरचा ब्रेकर सारखा पडून राहिला. मोठा लावून द्या ना."

मुन्नालालनं हातातला पाना खाली ठेवला. "ताई, ब्रेकर बाद में. पहले वायर दिखाओ."

मित्रांनो, तुमच्या घरीही माझा कोणी भाऊबंद पडत असेल तर त्याला शिव्या देऊ नका. त्याच्या दांडीला चिंधी बांधून वर अडकवू नका आणि त्याच्या जागी दांडगा आणून बसवू नका. घरातल्या मोठ्यांना आणि मिस्त्रीला बोलवा, स्वतः उघडायला जाऊ नका. पण त्यांच्या शेजारी उभं राहून एवढं नक्की विचारा, अगदी मोठ्यानं विचारा: हा काऊन पडला? आमच्यापैकी कोणीही उगाच पडत नाही.